आपण ग्रामीण का शहरी? एका रकान्यामागची भानगड

परवा एक पोरगा आला दुकानात, नुकताच बारावी झालेला, ॲडमिशनचा फॉर्म भरायला. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या समोरच. नाव, आधार, पासबुक, फोटो सगळं झालं आणि मग तो रकाना आला जिथं दर दुसरं गिऱ्हाईक अडकतं. ग्रामीण का शहरी? पोरगा म्हणाला, "दादा, ग्रामीणच टाका की, आपलं गावच आहे." मागं एक काका घरपट्टी भरून पावती हातात घेऊन उभे होते, ते लगेच म्हणाले, "गाव कुठलं आता? नगरपंचायत झालीय. ही पट्टी बघ कशी शहरासारखी लावलीय." मग आणखी दोघं त्यात पडले आणि पाच मिनिटांच्या फॉर्मला अर्धा तास गेला.

गंमत अशी की त्या अर्ध्या तासात जे जे कोण काय काय बोललं ते सगळं बरोबर होतं. आमचं गाव एकाच वेळी गाव पण आहे आणि शहर पण आहे, फक्त कुठल्या ऑफिसच्या कागदावर बघता त्यावर ते अवलंबून आहे. दिवसभर असलेच फॉर्म भरत असतो म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहून काढू, म्हणजे दरवेळी काउंटरवर तेच तेच सांगायला नको.

आधी बोलण्यातलं बघू. मराठीत ‘गाव’ हा शब्द लई मोठ्या पोटाचा आहे. कुणाला विचारलं "तुमचं गाव कोणतं?" तर माणूस खुशाल सांगतो कोल्हापूर, नाहीतर नागपूर. मुंबईतला माणूस मे महिन्यात ‘गावाला’ जातो, मग ते गाव रत्नागिरी शहर का असेना. पुण्यात जुनी कोथरूडकर मंडळी पेठेत जायचं असलं की "गावात जाऊन येतो" म्हणायची, म्हणजे शहराच्या पोटातल्या जुन्या शहरालाच गाव. आणि मधला जो प्रकार आहे, गावापेक्षा मोठा पण शहर म्हणायला जीभ वळत नाही असा, त्याला आता आपल्याकडं धड शब्दच उरलेला नाही. आपण काय म्हणतो? ‘तालुक्याचं गाव’. म्हणजे परत गावच.

शब्द होता खरा. कसबा. जुन्या मराठी कागदांत ‘मौजे’ आणि ‘कसबे’ असे दोन वेगळे प्रकार दिसतात. मौजे म्हणजे साधं शेतीचं गाव, आणि कसबा म्हणजे जिथं बाजारपेठ आहे, कारागीर आहेत, परगण्याचा कारभार चालतो ते ठाणं. पुणं आधी ‘कसबे पुणे’च होतं, ते नाव आता कसबा पेठेत उरलंय. पेठ म्हणजे व्यापाऱ्यांना, कारागिरांना बोलवून मुद्दाम वसवलेला भाग. तसंच बुद्रुक आणि खुर्द, आंबेगाव बुद्रुक आंबेगाव खुर्द, त्यात बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही फारसीतून आलेत. म्हणजे जुन्या लोकांकडं लहान-मोठं सांगायला शब्द भरपूर होते, आपण ते नावातच ठेवले आणि वापरायचे सोडून दिले. कसबा हा शब्द आज वापरात असता तर माझं निम्मं डोकं वाचलं असतं.

बरं, आता कागदावर येऊ. पहिला कागद महसूल खात्याचा. तलाठ्याकडं जे गाव असतं ना, ते माणसांचं नसतं, ते जमिनीचं असतं. गावाचा नकाशा, त्याची शिव, आतले गट नंबर, आणि त्यात थोडा भाग गावठाण, म्हणजे राहायची जागा. जुनी माणसं याला काळी आणि पांढरी म्हणायची, काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. याला म्हणतात महसुली गाव. मोठ्या गावाला चार-दोन वाड्या असतात, आदिवासी भागात पाडे, लमाण-बंजाऱ्यांचे तांडे, पण त्यांना स्वतःचा नकाशा आणि शिव मिळत नाही तोवर ते महसुली गाव नाही, ते कुणाच्या तरी गावात मोडतात. मग वाडीत पाचशे माणसं असली तरी ती गाव नाही, आणि उलट शिवेच्या आत एकही माणूस राहत नसला तरी ते गाव आहे. खरंच आहेत अशी. त्यांना बेचिराख गाव म्हणतात, म्हणजे मुळात जिथं दिवा लागत नाही ते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण ४३ हजार ६०० गावं मोजली, त्यातल्या २,७०० च्या आसपास गावांत कुणीच राहत नव्हतं. काही धरणाखाली गेली, काही कधीकाळी उठून गेली, पण सातबारा चालू आहे.

आणि याचं दुसरं टोक म्हणजे शहर गावावर बसलं तरी महसुली गाव मरत नाही. पुण्यात कुणी पाचव्या मजल्यावर टू बीएचके घेतला असेल तर त्याचं ॲग्रीमेंट उघडून बघा, पहिल्याच पानावर ‘मौजे कोथरूड, तालुका हवेली’ असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे लिफ्टनं घरी जाणारा माणूस कागदावर अजून मौज्यात राहतोय.

दुसरा कागद कारभाराचा, तुमच्यावर ग्रामपंचायत आहे का नगरपालिका. लोकांना वाटतं की गाव म्हणजे काय याची कायद्यात मस्त व्याख्या असेल, एवढी घरं, एवढी माणसं. मी पण तसंच समजायचो. तर पंचायतींसाठीची ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ साली लागू झाली, त्यात ‘गाव’ची व्याख्या काय आहे माहितीये? राज्यपालांनी जाहीर सूचनेनं जे गाव म्हणून सांगितलं ते गाव. बस. सरकार म्हणेल ते गाव. आधी वाचलं तेव्हा हसू आलं, पण विचार केला तर यात शहाणपणा आहे, कारण केरळातलं लांबच लांब पसरलेलं गाव आणि लडाखमधलं दहा घरांचं गाव एकाच आकड्यात कसं बसवणार.

त्याच वेळची ७४ वी दुरुस्ती शहरांसाठी, तीन पायऱ्या आहेत तिच्यात. गावाचं शहर होत असताना मधल्या अवस्थेला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्याला महानगरपालिका. आकडे ज्या त्या राज्यानं ठरवायचे. महाराष्ट्रात साधारण असं धरा की लोकसंख्या १० ते २५ हजार असली तर नगरपंचायत, २५ हजाराच्या वर नगरपरिषद, आणि ३ लाखाच्या वर महापालिका. नगरपरिषदेत पण वर्ग आहेत, ४० हजारापर्यंत क, ४० हजार ते १ लाख ब, आणि १ लाखाच्या वर अ. नुसती डोकी मोजून भागत नाही, शेती सोडून दुसऱ्या धंद्यात किती लोक आहेत ते पण बघतात, नगरपरिषदेसाठी किमान ३५ टक्के. का, तर नुसतं मोठं गाव आणि शहर यात फरक हाच आहे की शहरातली माणसं एकमेकांना काहीतरी विकून जगतात, जमिनीतून काढून नाही. हे वाक्य माझं आहे, कायद्याचं नाही.

पण हे सगळं ‘साधारण’ बरं का. अपवाद इतके आहेत की कधी कधी नियमच अपवाद वाटतो. माथेरानला २०११ मध्ये साडेचार हजार पण लोक नव्हते आणि पन्हाळ्याला तर तीन हजाराच्या थोडं वर, तरी दोन्हीकडं नगरपरिषद, कारण ती गिरिस्थानं, म्हणजे थंड हवेची ठिकाणं. उलट अकलूज बघा. साखर कारखाना, कॉलेजं, मोठी बाजारपेठ, ४० हजाराच्या आसपास लोक, आणि तरी कित्येक वर्षं ग्रामपंचायतच. शेवटी २०२१ साली नगरपरिषद झाली, ती पण लोक उपोषणाला बसल्यावर. आणि इचलकरंजी, जिथं हजारो यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात, तिथं २०११ ची लोकसंख्या ३ लाखाला जरा कमी पडत होती, महापालिका व्हायला २०२२ उजाडलं. जालन्याचं पण तसंच, ती २०२३ ला झाली, राज्यातली २९ वी. गोव्यात तर वेगळीच तऱ्हा, पणजीला महापालिका आहे आणि २०११ ला तिथं माणसं ४० हजार, तर मडगाव तिच्या दुपटीहून मोठं पण तिथं साधी नगरपालिका. राजधानी असल्याचे फायदे असतात ते असे.

आमचं गाव दहा हजाराच्या खाली होतं तरी नगरपंचायत झाली, कारण आमचं तालुक्याचं ठिकाण. २०१४-१५ च्या सुमारास सरकारनं ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणी जिथं जिथं ग्रामपंचायत आहे तिथं नगरपंचायत करायची. कोकणात तर अशा कितीतरी झाल्या, मंडणगड, कुडाळ. आमच्याकडं ज्या दिवशी बोर्ड बदलला तो दिवस मला चांगला आठवतो. पेंटर बोलवला, त्यानं पूर्ण बोर्ड रंगवायचे पैसे मागितले, ते काही कुणी दिले नाहीत, मग त्यानं नुसतं ‘ग्राम’ वर पांढरा पट्टा मारला आणि त्या दोन अक्षरांच्या जागेत ‘नगर’ ही तीन अक्षरं दाटीवाटीनं बसवली, ‘र’ तर ‘पंचायत’च्या ‘पं’ ला टेकलाय. पावसाळ्यात तो पांढरा रंग पातळ होतो आणि खालचा ‘ग्राम’ निळा निळा वर येतो. अजून तसाच आहे. आमचं गाव नक्की काय आहे हे त्या बोर्डाइतकं खरं कुणीच सांगत नाही.

बोर्ड बदलल्यावर काय काय बदलतं? सरपंच जाऊन नगराध्यक्ष येतो, ग्रामसेवक जाऊन मुख्याधिकारी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदानातून तुम्ही बाहेर पडता, कारण ती व्यवस्था ग्रामीण भागाची. घरकुल योजना ग्रामीणची बंद, शहरी वाली लागू, तिचे नियम वेगळे. रोजगार हमीच्या तर नावातच ‘ग्रामीण’ आहे. विकास आराखडा येतो, म्हणजे तुमच्या परड्यातून एखादा डीपी रोड जाणार असं नकाशावर दिसायला लागतं आणि मग भाऊबंदकीची जुनी भांडणं बाजूला पडून सगळे एक होतात. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट जाते ती ग्रामसभा. गावात मतदार यादीत नाव असलेला कुणीही माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की बाबा बोअरचे पैसे कुठं गेले. नगरपंचायतीत सभा नगरसेवकांची असते, तुम्ही प्रभागाच्या नगरसेवकाच्या घरी जायचं. गाव करील ते राव काय करील म्हणतात ते ग्रामसभेपुरतं तरी खरं होतं. अर्थात आमच्याकडची ग्रामसभा कोरम नसल्यामुळं तहकूबच जास्त व्हायची, ते पण सांगायला पाहिजे.

तिसरा कागद जनगणनेचा, आणि हा सगळ्यात मजेशीर. जनगणनेवाल्यांना तुमच्यावर कुठला बोर्ड आहे एवढंच बघून चालत नाही. ज्यांच्यावर नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका किंवा कॅन्टोन्मेंट आहे त्यांना ते सरळ शहर धरतात. पण जिथं ग्रामपंचायत आहे तिथं पण ते तीन कसोट्या लावतात. लोकसंख्या किमान ५ हजार. दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेती सोडून दुसऱ्या कामात. तिन्ही जमलं की ते झालं ‘जनगणना शहर’, भले तिथं सरपंच असो, ग्रामसभा असो, काही असो.

एक हिशोब करून बघू, म्हणजे कळेल. समजा एक गाव आहे, लोकसंख्या ६,२००. क्षेत्र साडेबारा चौरस किलोमीटर. भागिले तर घनता ४९६, दुसरी कसोटी पास. आता मुख्य काम करणारे पुरुष, म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असलेले, समजा १,७००. त्यातले १,२०० जण एमआयडीसीत, दुकानात, ड्रायव्हिंगला वगैरे, ५०० शेतात. टक्केवारी ७० च्या जरा वर, म्हणजे नापास, हे गाव. आता पुढच्या दहा वर्षांत त्या ५०० मधल्या १०० जणांनी शेती वाट्यानं दिली आणि कंपनीत लागले. १,३०० झाले, ७६ टक्के. झालं शहर! रस्ता तोच, गटार तेच, शाळेचं पत्र्याचं छप्पर तेच, फक्त शंभर माणसांनी सकाळी बैलाऐवजी कंपनीची बस धरली. आणि तेच गाव डोंगरात असतं, वाड्या लांब लांब, क्षेत्र वीस चौरस किलोमीटर, तर घनता ३१० आली असती आणि सगळेच्या सगळे पुरुष नोकरीला लागले असते तरी ते गावच राहिलं असतं.

आणि हो, पुरुषच का मोजतात? बायकांचं शेतातलं काम नोंदवताना लोक काहीही सांगतात, कुणी ‘घरकाम’ लिहितं, कुणी ‘शेती’, म्हणून आकडा स्थिर राहावा यासाठी पुरुष धरले असं त्याचं समर्थन देतात. असेल. पण आमच्याकडं शंभर टक्के पुरुष कंपनीत गेले तर रान कोण बघतंय? त्यांच्या बायका आणि आया. म्हणजे घर अर्धं शेतीवरच आहे, पण मोजणाऱ्याच्या तक्त्यात ते शहरी झालं. मला ही कसोटी काही पटत नाही, पण १९६१ पासून जवळपास अशीच चालू आहे.

ही जनगणना शहरं किती आहेत? देशात २००१ ला १,३६२ होती, २०११ ला एकदम ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. २०११ ला महाराष्ट्रात एकूण ५३४ शहरं मोजली, त्यातली निम्म्याहून जास्त ही असली, ग्रामपंचायतवाली. गोवा २०११ ला ६२ टक्के शहरी निघाला, सगळ्या राज्यांत पहिला, आणि तिथं पण बहुतेक शहरं म्हणजे पंचायत असलेली गावंच. हे ऐकून माझा म्हापशाचा एक मित्र हसला होता, म्हणाला आमच्या वाड्यावर अजून माडाची झाडं माणसांपेक्षा जास्त आहेत.

यावर लोकांना पटकन प्रश्न पडतो, की बाबा सगळं शहरासारखं झालंय तर सरळ नगरपालिका करून टाका ना. इथंच खरी गोम आहे. काही ठिकाणी लोकांना व्हायचं असतं आणि काही ठिकाणी अजिबात नको असतं, आणि दोघांची कारणं तीच, पट्टी आणि पाणी.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळं आलं. पुण्याच्या पूर्वेला सासवड रस्त्याजवळची ही दोन गावं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं इथल्या डेपोत जायचा, म्हणजे गाव ग्रामपंचायतीचं आणि कचरा महापालिकेचा. वास, विहिरींचं खराब झालेलं पाणी, आंदोलनं, गाड्या अडवणं, सगळं झालं. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात ही दोन पण गेली. लोकांना वाटलं आता कचरा पण आपला आणि पालिका पण आपली, निदान पाणी तरी येईल. पाणी टँकरनंच येत राहिलं आणि मिळकतकराची बिलं मात्र महापालिकेची आली, ती ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या कितीतरी पट. दुकानांना, गोडाऊनला तर जास्तच. मग मागणी सुरू झाली की आम्हाला बाहेर काढा. असं सहसा होत नाही, महापालिकेत गेलेलं गाव परत येत नाही. पण २०२२ च्या शेवटी सरकारनं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये दोघांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे सात वर्षांत गाव, महानगर आणि लहान शहर अशा तिन्ही पायऱ्या त्या लोकांनी चढून-उतरून बघितल्या आणि त्या काळात त्यांचं घर जागेवरून एक फूट पण हललं नाही.

कल्याण-डोंबिवलीची २७ गावं पण अशीच. १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. आणि कोल्हापूर म्हणजे तर हद्दवाढीचं विद्यापीठ. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून पन्नास वर्षं हद्दवाढीचा विषय निवडणुकीच्या आधी निघतो आणि नंतर बसतो. उचगाव, पाचगाव अशा गावांत जाऊन बघा, गाव कुठं संपलं आणि शहर कुठं सुरू झालं हे तिथला रिक्षावाला पण सांगू शकणार नाही, पण हद्दवाढ म्हटली की कडकडीत बंद. त्यांचं म्हणणं, शहरातल्यालाच धड पाणी नाही, आम्हाला काय देणार? चुकीचं म्हणता येत नाही. शहरवाल्यांचं म्हणणं, रस्ते आमचे, बाजार आमचा, दवाखाने आमचे वापरता आणि पट्टी तिकडं भरता. ते पण चुकीचं नाही.

उलट पिंपरी-चिंचवड बघा, पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही चार गावं १९७० ला एकत्र करून नगरपालिका केली आणि बाराच वर्षांत, १९८२ ला महापालिका. तिथं कारखान्यांची जकात होती, गावच्या पट्टीवर ती भागणारी गोष्ट नव्हती, त्यामुळं कुणाला शहर व्हायची भीती वाटली नाही. पैसा आधी आला की भीती जाते, पट्टी आधी आली की वाढते.

आता बाकीचे कागद पटकन. बँकेचं वेगळंच. रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात १० हजाराच्या आत ग्रामीण, १० हजार ते १ लाख निमशहरी, १ लाख ते १० लाख शहरी, आणि त्याच्या वर महानगर. सरकारी नोकरांच्या घरभाड्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट, ५० लाखाच्या वर एक्स, ५ लाखाच्या वर वाय, आणि बाकी उरलेला सगळा देश झेड. झेड मध्ये साताऱ्याचा माणूस आणि मेळघाटातला माणूस एकाच ओळीत. जनगणनेत १ लाखाच्या वर पहिल्या वर्गाचं शहर, आणि १ लाखाचा हा आकडा सगळीकडं फिरताना दिसतो म्हणून मी तरी लहान शहर आणि मोठं शहर यातली रेघ म्हणून तोच धरतो.

इन्कम टॅक्सचं मात्र जरा थांबून ऐका, कारण यात पैसे जातात. शेतजमीन विकली आणि ती कायद्यानं ‘ग्रामीण’ असली तर भांडवली नफ्यावर टॅक्स लागत नाही. ग्रामीण कधी? जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडं, १ लाख ते १० लाख असेल तर ६ च्या पलीकडं, आणि १० लाखाच्या वर असेल तर ८ च्या पलीकडं. अंतर रस्त्यानं नाही, सरळ रेषेत, हवाई. आमच्याकडं एकानं रस्त्यानं मोजलं नऊ किलोमीटर आणि निवांत बसला, सरळ रेषेत ते साडेसात निघालं कारण मध्ये टेकडीला वळसा होता. त्याच्या जागी जनगणनेच्या यादीत गाव, तलाठ्याकडं गाव, ग्रामपंचायत हजर, पण त्या एका रानापुरता तो शहरी झाला.

बाहेरच्या देशात काही सरळ आहे असं नाही. ब्रिटनमध्ये कुठल्या गावाला ‘सिटी’ म्हणायचं हे राजा ठरवतो, म्हणून वेल्समधलं सेंट डेव्हिड्स दोन हजाराच्या आत लोकसंख्या असून सिटी आहे आणि रेडिंगसारखं लाखांचं शहर कागदावर अजून टाउनच. जपानमध्ये साधारण ५० हजार लोक लागतात. ते वाचलं की माथेरानबद्दल जरा बरं वाटतं.

माझी स्वतःची एक कसोटी आहे, कुठल्याच खात्यात चालणार नाही अशी. जिथं एसटी येते आणि वळून जाते ते गाव. जिथं एसटीचा स्टँड आहे, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तो भरून वाहतो आणि रात्री शेवटची मुक्कामी गाडी गेली की शटर पडतात, तो कसबा. जिथं आठवडी बाजार कुठल्या वारी असतो हे तिथं राहणाऱ्या माणसालाच माहीत नसतं, ते शहर. आमचा बाजार गुरुवारचा.

तर त्या पोराच्या फॉर्मचं काय झालं? मी नेहमी जे करतो तेच केलं. फॉर्मसोबतची माहितीपुस्तिका उघडली, शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात ‘ग्रामीण म्हणजे काय’ ते शोधलं. कुणी लिहितं ग्रामपंचायत हद्द, कुणी लिहितं २०११ च्या जनगणनेप्रमाणे, कुणी शाळा कुठं झाली ते विचारतं, माणूस कुठं राहतो ते नाही. याच्या पुस्तिकेत जनगणनेप्रमाणे लिहिलं होतं. आणि २०११ ला आमच्याकडं ग्रामपंचायत होती, लोकसंख्या होती, घनता होती, पण पुरुष शेतात होते, त्यामुळं तेव्हा आम्ही गाव. ‘ग्रामीण’ टाकलं. काकांनी परत पावती पुढं केली. म्हटलं काका, तुमचं पण बरोबर आहे, पण नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्यानंतर या, तेव्हा बदलून देतो. पोरगा पन्नास रुपये देऊन गेला, आणि काका म्हणाले, "माझं ते रेशनकार्डचं बघ जरा, त्यात अजून ग्रामपंचायतच दाखवतंय."